कुत्र्या-मांजराचं फोटोसेशन ठरलंय? मग तयारी आजपासून, घरातूनच

मोबाइलमध्ये आपल्या कुत्र्याचे हजारो फोटो असतात, पण भिंतीवर लावावा असा शोधायला गेलं की हाती काही लागत नाही. म्हणून कुणी पहिल्या वाढदिवसाला, कुणी तोंडावरचे केस पांढरे दिसू लागल्यावर फोटोग्राफरला फोन करतं. तयारी म्हणजे आदल्या दिवशी ग्रूमरकडे एक फेरी आणि गळ्यात नवा बो, अशी बहुतेक घरांची समजूत असते. मी पाळीव प्राण्यांचे फोटो काढते आणि माझं ठाम मत आहे की फोटो केसांमुळे बिघडत नाही, भीतीमुळे बिघडतो. डोळ्यातली चिपडं, गळ्यातला पट्टा, अंगावरची गवताची काडी हे सगळं नंतर एडिटिंगमध्ये काढता येतं. कान मागे पडलेले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, जीभ सारखी नाकावरून फिरतेय, अशा चेहऱ्याचं मात्र काहीही करता येत नाही. त्यामुळे सेशनच्या आधीचे दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा. रोज दहा मिनिटं दिलीत तरी पुरे.

तारीख आणि वेळ

मुंबईत बाहेर फोटो काढायचे तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. एप्रिल-मे मध्ये फक्त भल्या सकाळी, आणि जून ते सप्टेंबर घरात किंवा स्टुडिओत. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून शरीर थंड करतो. हवेतच दमटपणा असला की धापा टाकूनही फारसा उपयोग होत नाही. पग, शिह त्झू, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना आणि पर्शियन मांजरांना हा त्रास जास्त होतो. मे महिन्यात पगला घेऊन समुद्रकिनारी फोटो काढायचा हट्ट कुणी धरला तर मी स्पष्ट नाही म्हणते.

गणपतीचे दिवस, विशेषतः विसर्जनाच्या तारखा, दिवाळीचा आठवडा आणि ३१ डिसेंबर टाळा. फटाक्यांना घाबरलेला कुत्रा फटाके थांबल्याबरोबर शांत होत नाही, पुढचे काही दिवस तो छोट्या आवाजालाही दचकतो. इमारतीत कुणाकडे टाइल्स फोडायचं काम चालू असेल तर तेही आधी विचारून घ्या.

मे महिन्यात सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो आणि आठ वाजेपर्यंत ऊन डोळ्यांत खुपू लागतं. जानेवारीत सातनंतर उजाडतं, पण नऊपर्यंत प्रकाश मऊ असतो. प्रकाशाइतकंच त्या जनावराचं स्वतःचं वेळापत्रक महत्त्वाचं. रोज दुपारी दोन ते चार घोरणाऱ्या कुत्र्याला तीन वाजता उठवून उभं केलंत तर चेहऱ्यावर झोपच येणार. फिरून आल्यावर, थोडा दमलेला पण अजून जागा असलेला कुत्रा उत्तम. मांजरासाठी संध्याकाळच्या जेवणाआधीची वेळ.

जागा: घर, स्टुडिओ की बाहेर

शक्य असेल तर घर. 'आमचा वन-आरके आहे हो, जागाच नाही' असं अनेक जण संकोचाने सांगतात, पण एक चांगली खिडकी आणि तिच्यासमोर सहा-आठ फूट मोकळी जमीन असली की काम होतं. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पांढरा पातळ पडदा किंवा जुनी ओढणी लावा. ग्रिलच्या सावल्या चेहऱ्यावर पट्ट्यांसारख्या पडतात, त्याही त्याने विरतात. फोटो काढताना घरातले दिवे बंद ठेवा, नाहीतर अंगाची एक बाजू पिवळी आणि एक निळसर दिसते. मागे कबुतरांची जाळी, वाळत घातलेले कपडे, गॅसचा सिलिंडर येणार नाही एवढं आदल्या दिवशी मोबाइलवर एक फोटो काढून तपासा.

स्टुडिओ माणसांत रमणाऱ्या कुत्र्यासाठी छान. बुकिंग करण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: जमीन कशी आहे? पार्श्वभूमीचा कागद किंवा गुळगुळीत व्हिनाइल यावर पाय घसरतात. सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याचा पाय एकदा घसरला की तो पुन्हा त्या जागी उभा राहायला तयार होत नाही. न घसरणारी चटई किंवा योगा मॅट नेता येईल का, हेही विचारून घ्या. त्याच वेळी दुसरं जनावर तिथे असणार नाही ना, याची खात्री करा. कुत्री माजावर असेल तर तसं आधी कळवा.

बाहेर जायचं असेल तर पट्टा एक क्षणही सोडायचा नाही. सज्जन, आज्ञाधारक कुत्राही रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या टोळीसमोर किंवा अचानक वाजलेल्या हॉर्नसमोर काय करेल ते सांगता येत नाही. बारीक, एकरंगी लीश असेल तर फोटोतून ती सहज पुसता येते. जुहू किंवा वर्सोव्याला जाणार असाल तर भरती-ओहोटीची वेळ पाहूनच निघा, ओहोटीला ओली, सपाट वाळू मोकळी मिळते. पावसाळ्यात या किनाऱ्यांवर ब्लू बॉटल नावाचे निळसर, फुग्यासारखे दिसणारे डंख मारणारे जीव वाहून येतात. कुत्रा हुंगायला जातो आणि नाकावर डंख बसतो, म्हणून त्या काळात किनारा नकोच. शिवाजी पार्कला सकाळी क्रिकेट, कवायत आणि फिरायला आलेले लोक यांची एवढी वर्दळ असते की सवय नसलेल्या कुत्र्याची मान स्थिर राहत नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पाळीव प्राणी नेता येत नाहीत. महापालिकेच्या अनेक बागांतही कुत्र्यांना प्रवेश नसतो, त्यामुळे आधी जाऊन विचारून या.

आरेबद्दल वेगळं सांगायला हवं. झाडी सुंदर, प्रकाश सुंदर, आणि गोरेगाव-मरोळकडच्या लोकांना जवळ. पण तिथे बिबट्यांचा वावर आहे आणि कुत्रा हे बिबट्याचं नेहमीचं भक्ष्य आहे. फोटोसाठी सगळ्यात चांगला प्रकाश पहाटे आणि संध्याकाळी असतो, आणि बिबट्या हिंडतो तोही त्याच वेळांना. तिथे फोटो काढायचेच असतील तर पुरेसं उजाडल्यावर, वर्दळीच्या रस्त्यालगत, तेवढंच.

सार्वजनिक जागी ट्रायपॉड आणि लाइट लावून काम करायला काही ठिकाणी परवानगी लागते. ती काढणं फोटोग्राफरचं काम, पण काढली आहे का हे तुम्ही विचारायचं.

फोटोग्राफरशी आधीचं बोलणं

किती फोटो मिळणार, प्रिंट कोणत्या मापाचे, पाऊस आला किंवा जनावर आजारी पडलं तर तारीख बदलता येईल का, तुमच्या कुत्र्याचे फोटो त्याने सोशल मीडियावर टाकायचे की नाही, हे लेखी ठरवून टाका. तुमचा कुत्रा काळा असेल तर फोटोग्राफरने आधी काढलेले काळ्या कुत्र्यांचे फोटो मागा. काळ्या केसांत डोळे हरवू न देणं हे कौशल्याचं काम आहे. पांढऱ्या स्पिट्झच्या बाबतीत उलटा धोका, फोटोत केसांचा पोत हरवून नुसता पांढरा ठिपका उरतो.

मग तुमच्याकडची माहिती द्या. वय, दुखणी, ऐकू कमी येतं का, कधी कुणाला चावलाय का. हे लपवू नका. कशाला घाबरतो? टोपी घातलेल्या माणसाला, वॉचमनच्या शिट्टीला, हातातल्या काठीला? रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्यांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं, कारण ट्रायपॉड उचलला की त्यांना काठीच दिसते. कोणत्या शब्दाने कान टवकारतात तेही सांगा. 'खाली जायचं?' हा शब्द मुंबईतल्या बहुतेक कुत्र्यांवर चालतो. घरी काढलेले एक-दोन साधे व्हिडिओ पाठवलेत तर फोटोग्राफरला तो चालतो कसा, बसतो कसा हे कळतं.

घरचा सराव

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढा भाग वाचा.

पहिली गोष्ट चटई. छोटी सतरंजी किंवा जुन्या चादरीची घडी चालेल. ती जमिनीवर टाका आणि कुत्र्याने नुसता पाय ठेवला तरी तिच्यावर खाऊचा तुकडा टाका. काही बोलायचं नाही, ओढायचं नाही. दोन-तीन दिवसांत तो स्वतःहून तिच्यावर येऊन तुमच्याकडे बघू लागेल. मग हीच चटई दुसऱ्या खोलीत, मग जिन्यात, मग गच्चीवर. सेशनच्या दिवशी माणसं नवी, वस्तू नव्या, वास नवे असतात, ओळखीची असते ती ही चटई. ती टाकली की कुठे बसायचं आणि तिथे चांगलंच घडतं, हे त्याला माहीत असतं.

दुसरी गोष्ट लेन्स. कुत्र्यांच्या जगात कुणी टक लावून बघणं म्हणजे धमकी असते, आणि कॅमेऱ्याची लेन्स हा एक मोठा, काळा, न मिटणारा डोळाच आहे. घरात कॅमेरा नसेल तर काळा मग किंवा लहान काळा डबा घ्या. आधी तो जमिनीवर ठेवा, हुंगू द्या, शेजारी खाऊ ठेवा. मग हातात धरा. मग तोंडासमोर धरून त्याच्याकडे बघा, दोन सेकंद, आणि लगेच खाऊ. हे जमलं की तसंच करत गुडघ्यांवर बसा, मग पोटावर आडवे व्हा. चांगला फोटो जनावराच्या डोळ्यांच्या उंचीवरून निघतो, म्हणजे फोटोग्राफर जमिनीवर लोळणारच. मोठं माणूस जमिनीवर लोळताना पाहून काही कुत्री बिचकतात, काही चाटायला धावतात. दोन्हींवर इलाज एकच, आधी सवय.

तिसरी गोष्ट छत्री. स्टुडिओतले लाइट छत्रीसारख्या किंवा मोठ्या पेटीसारख्या कापडी आवरणात असतात, आणि छत्री आपल्या प्रत्येक घरात असते. ती उघडून दोन दिवस कोपऱ्यात ठेवून द्या. नंतर लांबून हळू उघडा-मिटा, शेवटी बटणाची छत्री दुसऱ्या खोलीतून फट्‌कन उघडा. प्रत्येक वेळी लगेच खाऊ. तो दचकला तर अंतर वाढवा.

फ्लॅशसाठी मोबाइलचा फ्लॅश भिंतीकडे तोंड करून उडवा, त्याच्या डोळ्यांवर कधीच नाही. कॅमेऱ्याच्या शटरचा आवाज मोबाइलवर अगदी हळू लावून जेवताना ऐकवा. स्टुडिओच्या लाइटचा 'बीप' बहुधा बंद करता येतो, तसं सांगून ठेवा.

'बस' आणि 'थांब' आलं तर सोयीचं, नाही आलं तरी काम अडत नाही. तीन सेकंद थांबला तरी फोटो निघतो. पण शब्द एकच ठेवा. आजी म्हणते 'बस', बाबा म्हणतात 'सिट', शेजारची मुलं म्हणतात 'बैठ', आणि मोती तिघांकडे बघत उभा. कोणता शब्द आणि तो कोण बोलणार, हे घरात ठरवा आणि त्या दिवशी बाकीच्यांनी गप्प राहायचं.

सराव तीन ते पाच मिनिटांचा, दिवसातून दोनदा. जांभया येऊ लागल्या, सारखं ओठ चाटणं, तोंड फिरवणं, ओलं नसताना अंग झटकणं सुरू झालं की थांबा. ही कंटाळ्याची नाही, ताणाची लक्षणं आहेत. ओरडणं, मान धरून बसवणं यातलं काही करू नका. मार खाल्लेल्या जागेबद्दलचं मन कुत्रा सहज बदलत नाही.

आणि एक आवाज करणारं नवं खेळणं आणून कपाटात बंद ठेवा. घरी वाजवून बघू नका. मान तिरकी करून ऐकण्याची ती लाडकी पोज नवख्या आवाजालाच मिळते, आणि तीही पहिल्या दोन-चार वेळाच.

मांजर असेल तर

मांजराचं सेशन घरीच करा, यावर मी फारशी चर्चा करत नाही. जागेचा वास बदलला की बहुतेक मांजरं आधी लपायची जागा शोधतात. फोटोग्राफर येण्याआधी खिडक्या, बाल्कनी, गॅलरीचं दार बंद. दाराशी बेल, नवा माणूस, पिशव्या या गडबडीत घाबरलेलं मांजर उघड्या खिडकीतून उडी मारतं आणि उंच इमारतींत असे अपघात खरोखर होतात. पलंगाखालची आणि कपाटामागची फट उशा लावून बुजवा. आल्याबरोबर कॅमेरा काढायचा नाही, पंधरा-वीस मिनिटं फोटोग्राफरने नुसतं जमिनीवर बसून राहायचं. बॅग उघडी टाकायची, मांजर स्वतः येऊन हुंगेल.

पीस लावलेली काडी, दोरी, चुरगळलेला कागद यांनी काम होतं. कॅटनिप या वनस्पतीच्या वासाने काही मांजरं लोळतात, काही ढुंकूनही बघत नाहीत, आणि अगदी लहान पिल्लांवर त्याचा परिणाम होत नाही. ज्यांच्यावर होतो तोही दहाएक मिनिटांत ओसरतो, म्हणून आधी बाकीचे फोटो काढून मग ते वापरा. सजावटीसाठी फुलं आणणार असाल तर लिली अजिबात नको. तिचे परागकण अंगावर पडून चाटण्यात आले तरी मांजराची किडनी निकामी होऊ शकते.

कुणी पोपटाच्या फोटोबद्दल विचारलं तर सांगून ठेवते: आपला देशी पोपट पाळायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार बंदी आहे. स्टार कासवाचंही तेच.

केस, नखं, गोचीड

केस कापायचे असतील तर सात ते दहा दिवस आधी. ताज्या कापलेल्या केसांत मशीनच्या रेषा दिसतात आणि चेहरा उघडाबोडका वाटतो. दुहेरी केसांच्या कुत्र्याला, म्हणजे स्पिट्झ, हस्की, गोल्डन यांना, उन्हाळा आहे म्हणून सरसकट भादरू नका. आंघोळ दोन-तीन दिवस आधी. त्याच दिवशी घातली तर केस भुरभुरीत होऊन उडतात, आणि दमट हवेत आतली लव नीट वाळत नाही. सुगंधी स्प्रे मारू नका, नाकाशी आलेल्या त्या वासाने तो सारखा शिंकत आणि तोंड घासत राहतो. नखं चार-पाच दिवस आधी कापा, म्हणजे चुकून रक्त आलं तरी भरून निघतं.

गोचिडांचं औषध मानेवर थेंब टाकायचं असेल तर निदान आठवडाभर आधी, कारण तिथले केस तेलकट होऊन चिकटतात. कुत्र्याचं हे औषध मांजराला कधीही लावू नका. त्यातल्या काहींमधलं परमेथ्रिन मांजरांसाठी विषारी असतं. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालावं लागणार असेल तर लेप्टोची लस झाली आहे का ते डॉक्टरांना विचारा. स्टुडिओत जाणार असाल तर रेबीजच्या लसीचा कागद सोबत असू द्या.

सेशनच्या सकाळी ओल्या मऊ कापडाने डोळ्यांचे कोपरे आणि हनुवटी पुसा, ब्रश फिरवा, बस. देशी कुत्र्याला तर एवढंही खूप होतं, ओलसर हात फिरवला की त्याचे आखूड केस चमकतात. हार्नेस आणि पट्ट्याने केसांवर खाच पडते. घरी असाल तर अर्धा तास आधी दोन्ही काढून ठेवा.

कपडे घालायचे तर आधी चार दिवस घरात घालून बघा. तो पुतळ्यासारखा थिजून उभा राहिला तर कपडे नकोत. गुलाल, कुंकू, रंग, अत्तर यातलं काही अंगाला लावू नका.

त्या दिवशी

सकाळचं जेवण नेहमीपेक्षा कमी द्या, आणि गाडीने जाणार असाल तर निघण्याच्या तीन-चार तास आधी. भरल्या पोटी वेस्टर्न एक्स्प्रेसवरच्या ट्रॅफिकमध्ये उलटी ठरलेली. टॅक्सीवाल्याला बसण्याआधी विचारा आणि सीटवर जुनी चादर टाका. पोचल्यावर थेट आत न जाता दहा मिनिटं खाली फिरवा, शी-शू होऊ द्या.

खाऊ दोन प्रकारचा न्या. साधा, म्हणजे रोजचे दाणे, आणि जोरदार वासाचा. उकडलेलं चिकन, पनीर, चीज यांचे वाटाण्याएवढे तुकडे. मांजरासाठी मीठ न लावलेलं, धुतलेलं सुकट चिमूटभर. त्याच्या वासाने झोपलेलं मांजरही उठून येतं. चुरा पडणारी बिस्किटं नकोत, तोंडाभोवतीचा चुरा प्रत्येक फोटोत दिसतो आणि प्रत्येक फोटोत पुसावा लागतो. चॉकलेट, मनुका, कांदा घातलेलं काही चालणार नाही. पीनट बटर असेल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलेलं नाही ना ते बघा, ते कुत्र्यांना विषारी आहे. सोबत पाणी आणि वाटी, दोन रुमाल, ती सतरंजी, आणि कपाटात जपून ठेवलेलं ते खेळणं.

कठड्यावर किंवा गच्चीवर बसवणार असाल तर हाताची मागची बाजू फरशीवर सात सेकंद ठेवा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही.

घरातलं एकच माणूस कॅमेऱ्याच्या शेजारी उभं राहील. चौघांनी चार दिशांनी 'मोती, इकडे, इकडे' केलं की त्याची मान भिरभिरते. खाऊ लेन्सच्या अगदी वर धरायचा, मोती तिकडे बघेल, फोटो निघेल, लगेच द्यायचा. दाखवून न देणं एकदा झालं की पुढच्या वेळी तो बघत नाही. पाऊण तासात बहुतेक कुत्र्यांचं मन भरतं, पिल्लांचं त्याहून लवकर. मधे पाणी, मधे खेळ. धाप वाढली, लाळ घट्ट झाली किंवा हिरड्या गडद लाल दिसू लागल्या तर सेशन तिथेच थांबवा, सावलीत न्या, अंग साध्या पाण्याने ओलं करा आणि डॉक्टर गाठा. फोटोग्राफरचे पैसे वाया जातील, जाऊ द्या.

फोटो हातात येताना

एडिटिंगला देताना काय काढायचं याबरोबर काय काढायचं नाही तेही लिहून द्या. तोंडावरचे पांढरे केस, नाकावरची जुनी खूण, एक कान उभा आणि एक पडलेला. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी केल्यावर ओळखीसाठी कानाला खाच देतात. दत्तक घेतलेल्या देशी कुत्र्याच्या कानावरची ती खाच एडिटर चूक समजून भरून टाकतात, म्हणून तिचा उल्लेख वेगळा करा.

प्रिंट काढाल तर फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंट बोर्ड, म्हणजे मधे खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, ठेवायला सांगा. नाहीतर आपल्या हवेत पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात फोटो काचेला चिकटतो आणि सोडवताना फाटतो. ओल येणाऱ्या भिंतीवर तो लावू नका. मूळ फाइल्स मोबाइलशिवाय आणखी एका ठिकाणी ठेवा.